एकाच मजकुरातून पीडीएफ, वर्ड आणि ईपब काढतो, पण फोटोंचा घोळ होतो. काय करू?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. राजापूरकडच्या तुमच्या गावच्या सड्यावर (डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर) जी कातळशिल्पं आहेत त्यांची छोटी पुस्तिका करताय, मजकूर मार्कडाऊनमधे (साध्या खुणा वापरून लिहायच्या पद्धतीत) लिहिलाय आणि पँडॉक हा फॉरमॅट बदलून देणारा प्रोग्राम वापरून त्यातूनच ए-फाईव्ह छपाईची पीडीएफ, शाळेतल्या बाईंसाठी वर्ड फाईल, मोबाईलवर वाचायला ईपब आणि एक वेबपेज काढताय. मजकूर सगळीकडे व्यवस्थित येतो पण फोटो कुठे पानभर, कुठे पोस्टाच्या तिकिटाएवढा, पीडीएफमधे भलत्याच पानावर, वेबपेज मेल केलं की समोरच्याला फोटोच दिसत नाहीत आणि ईपब झालीय ८० एमबीची. मी रत्नागिरीत डीटीपीचं काम करतो, अशी कामं अधूनमधून येतात, म्हणून जरा सविस्तरच लिहितो. कमांड आणि फाईलची नावं इथे देवनागरीत लिहितोय, टाईप करताना अर्थात इंग्रजीत करायची.

आधी एक गोष्ट पक्की डोक्यात घ्या, निम्मा घोळ तिथेच सुटतो. पँडॉक फोटो लहान-मोठा करत नाही. तुम्ही महिरपी कंसात रुंदी ५० टक्के लिहिलीत तरी ती फक्त दाखवायची रुंदी झाली, आतली फाईल होती तेवढीच राहते. म्हणजे मोबाईलने काढलेला ४००० बाय ३००० पिक्सेलचा, चारपाच एमबीचा फोटो ईपबमधे जसाच्या तसा जाऊन बसतो, वर्डमधेही तसाच, मग ८० एमबी होणारच ना. त्यात कातळाचे फोटो जास्तच जड होतात कारण जांभ्याचा पृष्ठभाग सगळा भोकाभोकांचा आणि खडबडीत, जेपेगला दाबायला सपाट जागाच मिळत नाही, तेवढ्याच पिक्सेलचा समुद्राचा फोटो बघा, निम्म्यात बसेल.

आता तो लहान-मोठ्याचा प्रकार. तुम्ही काही फोटोंना रुंदी दिलेलीच नाहीये असं तुमच्या नमुन्यावरून दिसतंय. रुंदी नसली की पँडॉक फोटोच्या फाईलमधे लिहिलेला डीपीआय (एका इंचात किती पिक्सेल) वाचून त्यावरून आकार काढतं. स्कॅनरने केलेल्या फाईलमधे बहुतेक ३०० लिहिलेलं असतं, मोबाईलच्या फोटोत बऱ्याचदा ७२. तर १२०० पिक्सेल रुंदीची फाईल ३०० च्या हिशोबाने ४ इंच होते आणि तीच ७२ ने साडेसोळा इंचाच्या वर जाते, मग ती दाबून पानभर बसवली जाते. फोटोचा दोष नाही आणि पँडॉकचाही नाही, तुम्ही सांगितलं नाहीत म्हणून त्याने अंदाज बांधला. म्हणून एकूण एक फोटोला रुंदी द्या आणि ती टक्क्यातच द्या. सेंटीमीटर किंवा पिक्सेल दिलेत तर छापील पानावर बरोबर येईल आणि मोबाईलवर फसेल. टक्के दिले की लाटेकमधे (पँडॉक पीडीएफ ज्यातून बनवतं त्या प्रोग्राममधे) ओळीच्या रुंदीच्या हिशोबाने, वर्डमधे पानाच्या मजकुराच्या रुंदीने आणि वेबवर त्या चौकटीच्या रुंदीने आपोआप बसतं. उभ्या फोटोंना मात्र ५०-६० टक्क्यांच्या वर जाऊ नका, वर्डमधे ते उंचीला पानाबाहेर जातात, कारण तिथे पँडॉक रुंदी सांभाळतं, उंची नाही.

मुख्य मुद्दा आता. मजकूर एकच ठेवायचा हे तुम्ही बरोबर केलंत पण फोटोही एकच ठेवायचा हट्ट धरलात तिथे सगळं अडलंय. छापखान्याला जे लागतं ते मोबाईलला नको असतं. तुमची छपाई एकरंगी आहे म्हणजे तिथे ग्रेस्केल हवा, कॉन्ट्रास्ट वाढवलेला, कारण लाल जांभा करडा केला की खोदलेली रेघ आणि आजूबाजूचा कातळ दोन्ही सारखेच काळे होतात. कोरीव रेघ रंगामुळे दिसतच नाही, सावलीमुळे दिसते. (दुपारी बाराला काढलेले फोटो असतील तर काही करून उपयोग नाही, सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर परत जाऊन काढा.) स्क्रीनवर मात्र तोच फोटो रंगीत आणि हलका हवा. म्हणून तीन फोल्डर करा. एक मूळ फोटोंचा, त्याला कधीही हात लावायचा नाही. दुसरा छपाईचा आणि तिसरा स्क्रीनचा, आणि या दोन्हींत फाईलची नावं अगदी तीच. मजकुरात फोल्डरचं नाव लिहायचंच नाही, नुसतं फाईलचं नाव लिहायचं, आणि पँडॉकला 'रिसोर्स-पाथ' या ऑप्शनने सांगायचं की आज फोटो कुठल्या फोल्डरमधे शोध. छपाईची पीडीएफ काढताना छपाईचा फोल्डर, ईपब आणि वेबला स्क्रीनचा. मजकुरात एक अक्षर बदलावं लागत नाही. एवढंच लक्षात ठेवा की रिसोर्स-पाथ दिला की चालू फोल्डर आपोआप बघितला जात नाही, तो हवा असेल तर त्याचंही नाव यादीत घालावं लागतं.

दरवेळी एवढी मोठी कमांड टाईप करत बसू नका, प्रत्येक प्रकाराला एकेक डिफॉल्ट्स फाईल करून ठेवा, त्यात सगळे ऑप्शन लिहा आणि नुसतं त्या फाईलचं नाव देऊन चालवा. छपाईची एक, वर्डची एक, ईपबची एक, वेबची एक.

फोटो लहान करायला इमेजमॅजिक घ्या, फुकट आहे, अख्खा फोल्डर एका कमांडमधे होतो. त्यातलं 'मॉग्रिफाय' मूळ फाईलवरच लिहितं, म्हणून ते कॉपी केलेल्या फोल्डरवरच चालवायचं. ए-फाईव्ह पान १४८ मिमी रुंद, समास सोडून मजकुराला साधारण ११ सेमी उरतात, म्हणजे ३०० डीपीआयला १३०० पिक्सेल झाले. थोडं हाताशी ठेवून छपाईला २००० पिक्सेल धरा. स्क्रीनला लांब बाजू १६०० आणि क्वालिटी ८० पुष्कळ झाली. आणि फोटो व्हॉट्सअॅपवर गोळा केले असतील तर ज्यांनी काढले त्यांच्याकडून 'डॉक्युमेंट' म्हणून परत मागवा, नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाबलेला असतो, पिक्सेल कदाचित पुरतील पण जांभ्याचा पोत सगळा चोपडा झालेला दिसतो. आयफोनवाल्यांचे फोटो हीक फॉरमॅटमधे येतील ते आधी जेपेग करून घ्या, लाटेकला ते कळत नाहीत.

रेखाटनांचं प्रकरण वेगळं आहे, त्यात मी जरा जास्त लिहिणार आहे कारण तुमच्या पुस्तिकेत खरी किंमत त्यांचीच आहे. ड्रोनच्या फोटोवरून इंकस्केप या चित्रं काढायच्या प्रोग्राममधे रेघा काढल्यात हे फार छान केलंत, पण ती जेपेगमधे सेव्ह करू नका, काळ्या रेघेच्या कडेने धुरकट ठिपके येतात आणि छपाईत ते दिसतात. मूळ एसव्हीजी ठेवा, त्यात पिक्सेल नाही तर रेघाच साठवलेल्या असतात. पण एसव्हीजी सगळ्यांना चालत नाही. वेबपेजला चालते, लाटेकला थेट चालत नाही, पँडॉक ती बदलून द्यायला 'आरएसव्हीजी-कन्व्हर्ट' नावाचा वेगळा प्रोग्राम शोधतं आणि विंडोजवर तो बहुतेकांकडे नसतो, तुम्ही पाठवलेल्या स्क्रीनशॉटमधली एरर त्याचीच आहे. ईपब वाचणारी जुनी यंत्रंही एसव्हीजीला नीट दाद देत नाहीत. यावर उपाय असा की प्रत्येक रेखाटन इंकस्केपमधून तीनदा काढा, पीडीएफ, पीएनजी आणि एसव्हीजी, नाव तेच. मजकुरात त्या चित्राचं नाव लिहिताना शेवटचं टिंब आणि एक्स्टेन्शन गाळून टाका आणि डिफॉल्ट्स फाईलमधे 'डिफॉल्ट-इमेज-एक्स्टेन्शन' द्या, छपाईला पीडीएफ, वर्ड आणि ईपबला पीएनजी, वेबला एसव्हीजी. फोटोंच्या नावात जेपीजी लिहिलेलं असतं म्हणून त्यांना हे लागू होत नाही. हा ऑप्शन नेमका याच कामासाठी आहे आणि का कोण जाणे कोणी वापरत नाही.

रेखाटनात 'हत्ती', 'मासा' असं मराठीत लिहिलं असेल तर एसव्हीजी काढताना अक्षरांचे पाथ करून टाका. नाहीतर समोरच्याच्या मशीनवर तो फॉन्ट नसला की भलताच फॉन्ट येतो आणि चित्रावर नेमून ठेवलेली नावं सरकतात.

आणि रेखाटनांच्या मथळ्यात लिहिलेलं 'प्रमाण १:२००' काढून टाका. कशेळीचा हत्ती साधारण १८ मीटर लांब आहे, १:२०० ने कागदावर तो ९ सेमीचा येईल, पण हे फक्त तुमच्या पीडीएफमधे खरं. वर्डच्या ए-फोर पानावर तेच ८० टक्के म्हणजे वेगळे सेंटीमीटर होतात, मोबाईलवर तर विचारूच नका, म्हणजे चार आउटपुटपैकी तीन ठिकाणी तुम्ही चुकीचं प्रमाण छापणार. त्यापेक्षा रेखाटनाच्या आतच २ मीटरची एक पट्टी काढा, चित्र लहान-मोठं झालं की पट्टीही त्याच्याबरोबर होते. २०२२ मधे उक्षी, जांभरुण, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे वगैरे ठिकाणं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली तेव्हापासून बाहेरचे अभ्यासकही असल्या पुस्तिका मागून नेतात, त्यांना माप लागतं.

पीडीएफमधे फोटो उडून पुढच्या पानावर जातो ते लाटेकचं नेहमीचं वागणं आहे, परिच्छेदात एकटा असलेला आणि मथळा असलेला फोटो पँडॉक 'फिगर' करतं आणि लाटेक फिगर जागा बघून हलवतं. तुमची पुस्तिका छोटी आहे तेव्हा हेडरमधे 'फ्लोट' पॅकेज घालून फिगरची जागा मोठा एच करून टाका, मग जिथे लिहिला तिथेच येईल. पानाखाली मोकळी जागा सुटेल कुठे कुठे, ती रुंदी पाचदहा टक्के कमी-जास्त करून भरा. मजकुरात 'खालील फोटोत' किंवा 'शेजारच्या पानावर' असं लिहिलंय ते सगळं काढून 'चित्र ४' करा, ईपबला शेजारचं पान नसतं. पण हाताने नंबर दिलेत की पीडीएफमधे त्याच्या आधी लाटेकचा स्वतःचा 'फिगर १' पण येतो, दोन-दोन नंबर दिसतात, तर 'कॅप्शन' पॅकेजमधे लेबलफॉरमॅट 'एम्प्टी' करून त्याचा नंबर बंद करा. आणि मथळ्यात नुसते चौकोन येत असतील तर झीलाटेक (लाटेकचाच एक प्रकार) वापरून मेन फॉन्ट देवनागरीचा द्या.

वेबपेजचं अगदी सोपं आहे. एचटीएमएलमधे फोटो नसतातच, नुसता पत्ता असतो, तुमच्या मशीनवर ते सापडतात म्हणून दिसतात. 'एम्बेड-रिसोर्सेस' आणि 'स्टँडअलोन' दोन्ही द्या, सगळं एका फाईलमधे येईल. फाईल फोटोंच्या बेरजेपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने फुगते, पण स्क्रीनचा फोल्डर वापरलात तर चालून जाईल, आमच्याकडे पावसात रेंजची जी बोंब असते ती बघता तेवढं हलकं हवंच. मोबाईलवर ५० टक्क्यांचा फोटो बारीक दिसेल, त्यासाठी सीएसएसमधे (वेबपेजचं रूप ठरवणाऱ्या फाईलमधे) छोट्या स्क्रीनला १०० टक्के द्या आणि त्याला 'इम्पॉर्टंट' लावा, नाहीतर पँडॉकने फोटोलाच चिकटवलेली रुंदी जिंकते.

काही फोटो पीडीएफमधे आडवे पडलेत ते मोबाईलमुळे. फोन फोटो फिरवत नाही, एक्झिफमधे (फोटोच्या फाईलमधेच लपलेल्या माहितीत) नुसती नोंद करतो की हा फिरवून दाखवा. ब्राउझर ती वाचतो, लाटेक वाचत नाही. इमेजमॅजिकमधे 'ऑटो-ओरिएंट' दिलं की पिक्सेलच सरळ होतात. त्याच एक्झिफमधे जीपीएसही असतं आणि पँडॉक फाईल जशीच्या तशी घेत असल्याने तुमच्या ईपबमधून ते सगळीकडे जाणार. ज्या सड्यावर अजून कुंपण नाही, शेजारी चिरेखाणी चालू आहेत, गाड्या थेट चित्रावरून जातात, तिथला नेमका ठिकाणा कोणाला द्यायचा हे गावाने ठरवायला हवं, फोटोच्या फाईलने नाही. एक्झिफटूलने फक्त जीपीएसच्या नोंदी काढता येतात, बाकी रंग वगैरे शाबूत राहतं.

वर्डबद्दल माझं मत विचाराल तर ती फाईल फक्त वाचायला द्या. बाईंनी त्यात फोटो बदलले आणि तुम्ही ती परत मार्कडाऊनमधे आणायला गेलात तर पँडॉक 'एक्स्ट्रॅक्ट-मीडिया'ने फोटो बाहेर काढून देईल, पण तुमची नावं जाऊन त्यांची इमेज१, इमेज२ झालेली असतील आणि वर केलेली सगळी फोल्डरची मांडणी मोडली. दुरुस्त्या कमेंटमधे मागा आणि मूळ मजकुरात स्वतः करा.

एक शेवटचं, फाईलच्या नावात स्पेस, देवनागरी आणि मोठी अक्षरं नकोत. विंडोजवर मोठं जेपीजी आणि छोटं जेपीजी एकच, लिनक्सवर दोन वेगळ्या फाईल. एवढं करूनही वर्डमधे मथळे वेड्यावाकड्या फॉन्टमधे आले तर रेफरन्स डॉक्युमेंट (पँडॉक जिच्यावरून फॉन्ट वगैरे उचलतं ती नमुन्याची वर्ड फाईल) कुठली वापरताय ते कमेंटमधे टाका, बघतो.