आई-वडील हयात नाहीत, तरी विम्याचा हप्ता मी का भरायचा?

प्रश्न : रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी सीएनसी मशीनवर आहे. पगार ३४ हजार. आमच्या ग्रुप मेडिक्लेमचा हप्ता आजवर कंपनीच भरायची. गेल्या वर्षी बायकोचं पित्ताशयाचं ऑपरेशन त्यातच झालं. यंदा कामगारांच्या आई-वडिलांनाही पॉलिसीत घेणार आहेत आणि त्यासाठी सगळ्यांच्या पगारातून दरमहा ४५० रुपये कापणार. माझे आई-वडील हयात नाहीत. एचआर म्हणतं, फॉर्मवर सही करावीच लागेल. (एक वाचक, ऐरोली)

उत्तर : सक्ती करता येत नाही. पगारातून कोणत्या कपाती चालतात हे वेतन संहिता, २०१९ मध्ये ठरलेलं आहे. असा हप्ता तुमच्या लेखी संमतीशिवाय कापता येणार नाही. शिवाय मशीनवर प्रत्यक्ष काम करणारा माणूस, पगार कितीही असो, कायद्याने कामगारच. त्याच्या वेतनाला हात लावणारा बदल करायचा तर मालकाने २१ दिवस आधी नोटीस द्यायला हवी. सही नसताना पैसे कापलेच, तर पगाराची स्लिप जपून ठेवा आणि ठाण्याच्या कामगार उपायुक्त कार्यालयात लेखी तक्रार करा.

कायदा तुमच्या बाजूने आहे. तरीही सरसकट नकार देऊ नका, असंच मी सांगेन.

'ज्याचे आई-वडील, त्याने भरावं' हे ऐकायला रास्त वाटतं. पण हप्ता ऐच्छिक केला की ज्यांच्या घरी डायलिसिस किंवा हृदयविकार आहे, तेच आधी नावं देतात. दावे वाढतात, पुढच्या नूतनीकरणाला विमा कंपनी दर चढवते, मग धडधाकट आई-वडील असलेले बाहेर पडतात आणि उरलेल्यांना तो हप्ता झेपत नाही. तुमच्या पत्नीच्या ऑपरेशनचा भारही शेवटी साऱ्या गटाच्या हप्त्यावरच आला. त्यात अविवाहित सहकारीही होते.

माझा आक्षेप वेगळ्याच ठिकाणी आहे. १८ हजारवाल्या हेल्परलाही ४५० आणि मॅनेजरलाही ४५०, हे कसं? ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत, कामगाराकडून वेतनाच्या ०.७५ टक्के घेतात, मालक ३.२५ टक्के भरतो. घरात माणसं किती, हे कुणी विचारत नाही. त्या योजनेची वेतनमर्यादा २०१७ पासून २१ हजारांवरच अडकून पडली, म्हणून तुमच्यासारखे बाहेर राहिले. आणि जो हेल्पर आजही ईएसआयमध्ये आहे, त्याच्या अवलंबून असलेल्या आई-वडिलांना तिथे उपचार मिळतातच. त्याच्याकडून पुन्हा ४५० घेणं मला अन्यायाचं वाटतं. तुमच्या प्रश्नापेक्षा ही बाब मोठी आहे आणि ती तुम्हीच मांडायला हवी, कारण त्याचं तिथे कुणी ऐकणार नाही.

तेव्हा एकट्याने भांडू नका. युनियन असेल तर तिच्यामार्फत, नसेल तर सह्या गोळा करून कंपनीला पत्र द्या. आई-वडिलांच्या विम्याचं कोटेशन, गेल्या वर्षीच्या दाव्यांची रक्कम आणि को-पे (बिलातला आपण भरायचा वाटा) किती, हे लेखी मागा. हप्त्याचा मोठा वाटा कंपनीने उचलावा, उरलेला पगाराच्या टक्क्यांत घ्यावा आणि ईएसआयमधल्यांना वगळावं, अशी मागणी करा. संमती द्यायची ठरली तर फक्त एका पॉलिसी-वर्षापुरती आणि ठरलेल्या रकमेपुरतीच द्या. फॉर्मवर 'वेळोवेळी ठरेल ती रक्कम' असे शब्द असतील, तर ते खोडून घेतल्याशिवाय सही करू नका.