अमेरिकेतल्या नॅव्हाहो या आदिवासी जमातीच्या मुलांना पारंपरिक गोष्टींतून दात घासायला शिकवता येईल का?

येईल, पण गोष्ट कोण सांगतंय आणि कधी, ते आधी बघा. कोयोट म्हणजे त्यांच्या गोष्टींतला लांडग्यासारखा खोडकर प्राणी; त्याच्या एखाद्या गोष्टीत त्याच्या दातांना कीड लागलेली दाखवली तर मुलं ब्रश करतील का, असं तुम्ही विचारलंय. हीच शक्कल आमच्याकडेही लढवून झालीय, म्हणून लिहितेय.

मी अ‍ॅरिझोनात नॅव्हाहो वस्तीजवळ लहान मुलांचे दात बघते. तीन-चार वर्षांची पोरं येतात, पुढचे दात हिरडीपर्यंत काळे, दाढांवर स्टीलच्या टोप्या. काहींना पूर्ण भूल दिल्याशिवाय हातच लावता येत नाही. आमच्या साहेबांनी भर जुलैत बालवाडीत कोयोटचा कार्यक्रम ठेवला. बाहुला, हातभर लांब ब्रश, सगळं तयार. ज्या आजींना सांगायला बोलावलं होतं त्यांनी बाहुला टेबलावर पालथा ठेवला आणि म्हणाल्या, उन्हाळ्यात नाही. या गोष्टी दहिवर गोठायला लागलं की सुरू होतात आणि पुढच्या वर्षी पहिली मेघगर्जना झाली की बंद. साहेब म्हणे, गोष्टच आहे ना, तिला कसला ऋतू? मी म्हटलं, आमच्या महाराष्ट्रात जिवतीची कहाणी श्रावणातच होते, चैत्रात कुणाला वाचायला सांगून बघा. पटलं नाही. शेवटी बाहेरच्या एका बाईंनी गोष्ट सांगितली, आज्या नातवंडं घेऊन निघून गेल्या, आणि अहवालात 'सांस्कृतिक सहभाग' अशी नोंद झाली!

त्याच आजी नंतर बाहेर बाकावर एका तरुण आईला निळ्या मक्याची पेज कशी करायची ते सांगत होत्या, जुनिपर झाडाची राख किती घालायची ते चिमटीने दाखवत. बाळाच्या बाटलीत सोडा, म्हणजे गोड शीतपेय होतं. त्याबद्दल त्या चकार शब्द बोलल्या नाहीत. पण त्या आईनं बाटली पिशवीत टाकली.

अर्थात गोष्टीनं कीड थांबत नाही. तिथल्या हेड स्टार्ट या सरकारी मदतीच्या बालवाड्यांत फ्लोराइड वार्निश (दातांवर लावायचा संरक्षक लेप) आणि पालकांचं प्रबोधन असा मोठा प्रयोग झाला, २०१६ मध्ये निष्कर्ष छापून आले, कीड काही कमी झाली नव्हती. कित्येक घरांत नळ नाही आणि दुकान कोसांवर, तिथे नुसत्या बोलण्यानं काय होणार? नॅव्हाहोंच्या स्वतःच्या सरकारनं २०१५ पासून सोडा-चिप्सवर २ टक्के जादा कर लावला, त्यात मला जास्त दम वाटतो.

तरी करायचंच असेल तर थंडीत करा, आजींना मानधन द्या आणि गोष्टीत ब्रश घुसडू नका. ब्रशसाठी पोस्टर छापा. आमच्या साहेबांनाही मी हेच म्हटलं होतं.