आयसीयूत रात्रपाळीला एकट्या नर्सवर चार रुग्ण सोपवले, तर नकार देता येतो का?

तुम्ही लिहिले आहे की कोल्हापुरातील एका खासगी रुग्णालयाच्या आयसीयूत रात्रपाळीला तुम्हा एकट्यांकडे चार रुग्ण दिले जातात, त्यांपैकी दोन व्हेंटिलेटरवर असतात, आणि नकार दिला तर रुग्णाला वाऱ्यावर सोडल्याचा ठपका येईल अशी तुम्हांला भीती वाटते. याच शहरात मी अनेक वर्षे आयसीयूची इन्चार्ज सिस्टर म्हणून काम केले आहे. माझ्या मते नकार देता येतो आणि काही वेळा तो द्यायलाच हवा. मात्र तो ओव्हर (आधीच्या पाळीच्या नर्सकडून रुग्णांचा ताबा) घेण्यापूर्वी, लेखी आणि रुग्णांच्या स्थितीचा आधार देऊन नोंदवावा.

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार अतिदक्षता विभागात प्रत्येक पाळीला एका रुग्णामागे एक नर्स असावी आणि रजेसाठी 30 टक्के जागा वेगळ्या धराव्यात. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने यासाठी 1999 मध्ये कायदाच केला आणि 2004 पासून तेथे आयसीयूतील एका नर्सकडे दोनपेक्षा अधिक रुग्ण देता येत नाहीत. आपल्याकडील निकष शिफारशीच्या स्वरूपाचे आहेत, आणि त्यामुळेच तुमच्या लेखी नोंदीला महत्त्व येते.

हे प्रमाण कोणी सोयीसाठी ठरवलेले नाही. व्हेंटिलेटरवरील रुग्णाचे सक्शन (श्वासनलिकेतील स्राव ओढून काढणे), दर तासाच्या नोंदी, लघवीचे प्रमाण, दर दोन तासांनी कूस बदलणे आणि डोक्याकडची बाजू 30 ते 45 अंश उचललेली आहे ना हे पाहणे, एवढ्यातच एका नर्सची पाळी भरून जाते. त्यात नॉरअ‍ॅड्रेनॅलिन हे रक्तदाब टिकवणारे औषध चालू असेल तर पहिली सिरिंज संपण्याआधी दुसरी भरून ठेवावी लागते, कारण बदलताना थोडा खंड पडला तरी रक्तदाब कोसळू शकतो. आणि नेमक्या त्याच क्षणी पलीकडच्या बेडवरील गोंधळलेल्या रुग्णाने नळीला हात घातला, तर एकटी नर्स कोणाकडे धावणार? इन्सुलिन किंवा पोटॅशियमसारखी औषधे दोघींनी तपासून द्यावीत असे आपण शिकतो, पण विभागात दुसरी नर्सच नसेल तर ती तपासणी कागदावरच राहते. पेनसिल्व्हेनियातील रुग्णालयांमधील शस्त्रक्रियेच्या रुग्णांवरील 2002 च्या अभ्यासात, नर्समागे एकेक रुग्ण वाढला की 30 दिवसांच्या आत मृत्यूची शक्यता सुमारे 7 टक्क्यांनी वाढलेली आढळली होती. ते रुग्ण केवळ आयसीयूतील नव्हते. आयसीयूत तर चुकीला त्याहूनही कमी वाव असतो.

आता तुमच्या भीतीविषयी. ओव्हर घेऊन, रुग्ण स्वीकारून, दुसऱ्या नर्सकडे न सोपवता निघून जाणे म्हणजे रुग्णाला सोडून देणे होय, आणि ते कधीही करू नये. ओव्हर घेण्यापूर्वी ‘एवढे रुग्ण मी सुरक्षितपणे सांभाळू शकत नाही’ असे सांगणे ही वेगळी गोष्ट आहे. टेक्सासमधील कायदाही आक्षेप घेणाऱ्या नर्सला संरक्षण देताना हाच विचार करतो: तो आक्षेप काम स्वीकारण्यापूर्वी नोंदवावा लागतो. म्हणून सरसकट नकार देऊ नका. कोणते दोन रुग्ण तुम्ही घेता ते स्पष्ट सांगा आणि उरलेल्यांसाठी नर्स मागा. ती मिळेपर्यंत थांबावेच लागले, तर आक्षेप नोंदवून काम करा. चिठ्ठीत तारीख, वेळ, बेड क्रमांक, कोण व्हेंटिलेटरवर आहे, कोणाला इनोट्रोप (हृदय व रक्तदाब सावरणारे औषध) चालू आहे, कोणाला कळवले आणि काय उत्तर मिळाले एवढेच लिहावे. कोणावर आरोप करू नये. नर्सच्या हातून झालेल्या हलगर्जीची जबाबदारी रुग्णालयावरही येते, त्यामुळे ही चिठ्ठी व्यवस्थापनाला सहजासहजी दुर्लक्षिता येत नाही.

एक अपवाद मी मनापासून मानते. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला, गावोगावच्या सिस्टर शहरात पोहोचूच शकत नव्हत्या. अशा वेळी मिळेल त्या मनुष्यबळावर रुग्ण सांभाळायचे असतात, तिथे प्रमाण मोजत बसता येत नाही. परंतु महिन्याच्या ड्युटी लिस्टमध्येच रात्रीला एक नर्स लिहिलेली असेल, तर त्याला आपत्ती म्हणता येणार नाही. तो व्यवस्थापनाचा निर्णय असतो आणि त्याची जबाबदारी पंचवीस वर्षांच्या मुलीने आपल्या नोंदणी क्रमांकावर का घ्यावी?

मूळ प्रमाणपत्रे कार्यालयाच्या कपाटात अडकलेल्या किंवा घरचा खर्च एकट्या पगारावर चालवणाऱ्या सिस्टरला हे सारे अवघड जाते, याची मला पूर्ण जाणीव आहे. म्हणून एकटीने पुढे होऊ नका. पुढच्या पाळीआधी इतर सिस्टरांशी बोला आणि चिठ्ठीवर सगळ्यांच्या सह्या घ्या, म्हणजे कोणा एकीला वेगळे काढणे कठीण होईल. मेट्रनने चिठ्ठीची पोच दिली नाही, तर रुग्णांची नावे वगळून तोच मजकूर त्यांना आणि ड्युटीवरील डॉक्टरांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा आणि त्याची प्रत स्वतःजवळ ठेवा.