गाडी ऑइल पिते, पण जातं कुठे?

प्रश्न : माझी पेट्रोलची छोटी गाडी २०११ ची आहे, पावणेदोन लाख किलोमीटर झालेत. दिवाळीला ऑइल बदललं. संक्रांतीपर्यंत तीनेक हजार किलोमीटर चालली असेल, तेवढ्यात दीड लिटर वरून टाकावं लागलं. अंगणात थेंबही सांडत नाही. वळणावर ऑइलचा लाल दिवा एकदोनदा लागला. एक मिस्तरी म्हणतो इंजिन खोला, दुसरा म्हणतो जाड ऑइल टाका, भाऊ म्हणतो विकून टाक. माहेर सेंधव्याला, त्यामुळे गाडी लागतेच. काय करू?
— एक शिक्षिका, शिरपूर

उत्तर : ताई, आधी त्या लाल दिव्याचं बघू. तो ऑइलच्या पातळीचा नाही, प्रेशरचा दिवा आहे. इंजिनाच्या तळाच्या चेंबरमधलं ऑइल फार खाली गेलं की वळणावर ते एका बाजूला सरकतं, पंप हवा ओढतो आणि बेअरिंगं कोरडी फिरतात. पुन्हा लागला तर तिथेच कडेला घेऊन इंजिन बंद करा, घर समोर दिसत असलं तरी.

तुमचा हिशोब दोन हजार किलोमीटरला एक लिटर असा बसतो. काही कंपन्या हजाराला एक लिटरसुद्धा चालवून घ्या म्हणतात. ते मला जास्तच वाटतं, पण तुमच्या आकड्यावर लगेच इंजिन उतरवायला मी सांगणार नाही.

अंगणात थेंब नाही म्हणून गळती नाही, असं समजू नका. काही सील आणि प्रेशर स्विच इंजिन गरम असताना, चालत्या गाडीतच पाझरतात. गाडी रॅम्पवर घेऊन खालून बघायला सांगा. आपल्याकडच्या धुळीचा एवढा एक फायदा आहे: ऑइल पाझरतं तिथे काळा चिखल धरतो. तो डाग जिथून सुरू होतो, तिथलं पॅकिंग किंवा सील गेलेलं असतं.

खाली कोरडं निघालं तर ऑइल जळतंय. त्याची परीक्षा तुमच्या माहेरच्या वाटेवरच आहे. सेंधव्याहून परतताना भावाला मोटारसायकलवर मागे ठेवा. बिजासन घाट गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटर सोडून उतरा आणि पळासनेरकडे सपाटीला लागलात की पाय दाबा. त्या क्षणी निळ्या धुराचा लोट निघून विरला, तर व्हॉल्व्हच्या सीलवर संशय. रात्रभर उभ्या गाडीनं सकाळी पहिल्या स्टार्टला निळी फुंकर मारली तरी तेच. जाताना चढावर, लोड घेताना धूर हटतच नसेल, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात किंवा कार्बननं चिकटल्यात.

खात्री कॉम्प्रेशन टेस्टनं होते, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजून. आधी तसंच मोजायचं, मग स्पार्क प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा. आकडा चांगला चढला तर दोष रिंगांचा. ही टेस्ट न करता ‘इंजिन खोला’ म्हणणाऱ्याला मी माझी गाडी देणार नाही. व्हॉल्व्ह सीलचं काम बऱ्याच गाड्यांत इंजिन न उतरवताही होतं, खर्च रिंगांच्या कामापेक्षा पुष्कळ कमी. त्याआधी पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनातली वाफ काढून घेणारी झडप, बघायला सांगा. स्वस्तातला भाग, पण चोंदला की इंजिनातली वाफ कोंडते आणि ऑइल नको तिथे ढकलते. बहुतेक गाड्यांत तो काढून कानाशी हलवला की खुळखुळतो. मुका असेल तर बदला.

जाड ऑइलचं म्हणाल, तर मॅन्युअलमध्ये चालत असेल तेवढंच. डब्यावरचे हे आकडे जाडीचे, मोठा आकडा म्हणजे जाड ऑइल: ५डब्ल्यू-३० वरून १०डब्ल्यू-४० ठीक. पण मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला जातो म्हणून एकदम २०डब्ल्यू-५० ओतायचं, हे मला पटत नाही. इंजिनाचं तापमान थर्मोस्टॅट सांभाळतो आणि पौषातल्या गार सकाळी इतकं जाड ऑइल वर, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमपर्यंत उशिरा पोचतं. ऑइलमध्ये टाकायच्या डब्यातल्या औषधांनी कडक झालेले सील थोडे मऊ पडतात कधी कधी. झिजलेली रिंग मात्र वाढत नाही.

विकण्याचं भाऊला इतक्यात ठरवू देऊ नका. २०११ ची गाडी म्हणजे २०२६ मध्ये नोंदणीची पंधरा वर्षं भरतात. पुढच्या पाच वर्षांसाठी धुळ्याच्या आरटीओत गाडी तपासून घ्यावी लागते, शिवाय हरित कर. धूर रोजचाच असेल आणि रिंगांचं काम निघालं, तर हे सगळं एकत्र मांडून बघा. नुसते सील असतील तर मी ती गाडी ठेवीन.

तोवर दर रविवारी, सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी ऑइल मोजायची पट्टी बघा आणि किलोमीटर लिहून ठेवा. वरच्या खुणेपलीकडे भरू नका. जास्त झालेल्या ऑइलला फेस येतो, आणि फेसावर प्रेशर टिकत नाही.