दाबियाला 'नू वीणा' म्हणावे का?

प्रश्न असा आहे: चीनच्या युन्नान प्रांतात, नू नदीच्या खोऱ्यात राहणाऱ्या नू लोकांचे दाबिया नावाचे चार तारांचे वाद्य आहे. मराठी लेखात त्याला 'नू वीणा' म्हटले तर चालेल का? शिवाय तो दाबिया, ती दाबिया की ते दाबिया?

'नू वीणा' नकोच. आपल्याकडे वीणा म्हटली की सरस्वतीच्या हातातली आठवते, नाहीतर विणेकऱ्याच्या गळ्यातली. सप्ताहात जिचा पहारा चालतो, त्या वीणेच्या तारा सुट्या छेडतात. भजनाला तिने अखंड स्वर द्यायचा असतो, चाल वाजवायची नसते. दाबियावर नाचाच्या चाली वाजतात आणि वाजवणारा वाद्य हातात धरून स्वतःही नाचतो. वीणा हा शब्द वापरला की हा फरक पुसला जातो आणि भलतेच चित्र उभे राहते. भोपळाही डोळ्यांपुढे येतोच, दाबियाची पोकळी मात्र लाकडाची असते.

नुसते 'तंतुवाद्य' बरोबर आहे, पण अपुरे. सारंगीही तंतुवाद्यच, ती गजाने वाजते. म्हणून पहिल्या उल्लेखात 'छेडून वाजवायचे चार तारांचे तंतुवाद्य' असे लिहावे, पुढे फक्त दाबिया. क्रियापद 'छेडणे' हेच. यंत्राने केलेल्या भाषांतरात अशा ठिकाणी इंग्रजी 'plucked'चे शब्दशः 'उपटलेले वाद्य' येते, ते न चुकता खोडावे. पोकळी, दांडी, खुंट्या, घोडी हे आपल्या वाद्यांच्या कारागिरांचे शब्द इथे निःसंकोच वापरता येतात. अवयवांची नावे मराठी आणि वाद्याचे नाव त्या लोकांचे, ही वाटणी मला सर्वांत न्याय्य वाटते. शेजारच्या लिसू लोकांचेही याच घराण्यातले वाद्य आहे. दोन्हींना वीणा म्हटले तर त्यांना वेगळे कसे करणार?

लिंगाचे म्हणाल तर तंबोरा, रुपया यांच्या वळणाने 'तो दाबिया' म्हणता येईल. पण मग अनेकवचन 'दाबिये' करावे लागते, आणि ते कानाला खटकते. मी 'वाद्य' मनात धरून नपुंसकलिंग घेईन: ते दाबिया, दोन दाबिया, दाबियाच्या तारा, दाबियावर वाजवलेली चाल. 'त्याने दाबिया छेडले आणि सगळे नाचू लागले' हे वाक्य मोठ्याने वाचून पाहा, कुठेही अडखळत नाही.