टाकीवर हाताने रेघ मारायला किती दिवसांत येतं, आणि तासाला काय रेट लावावा?

तुम्ही विचारलंय की बुलेटच्या टाकीवर ब्रशने बारीक रेघा मारायला किती दिवसांत शिकता येईल आणि ‘तासाला’ किती घ्यावेत. शिकण्याचं पुढे बोलतो. पण तो ‘तासाला’ शब्द वाचला आणि लिहायला बसलो, कारण त्याच शब्दावरून माझं आणि माझ्या धाकट्या भावाचं बारा-तेरा वर्षं पटलेलं नाही.

मी कोल्हापूर जिल्ह्यातला. शिकलो मिरजेला एका चाचांकडे, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर. दसऱ्याच्या आधी, ऊस तोडणी सुरू व्हायच्या तोंडावर ट्रॉल्या रंगायला यायच्या. लाल-निळा ऑइल पेंट झाला की फाळक्यांच्या, म्हणजे ट्रॉलीच्या बाजूच्या पत्र्यांच्या, कडेने पिवळी रेघ. दहा-बारा फुटांची रेघ एका दमात न्यायची. पहिलं वर्षभर चाचांनी मला ट्रॉलीला हात लावू दिला नाही, खिडकीची फुटकी काच दिली. काचेवर रेघ मारायची, पुसायची, परत मारायची. बुलेटची टाकी हातात आली ती चौथ्या वर्षी.

२०११ साली भाऊ पुण्यात हिशेबाच्या नोकरीला होता. मला म्हणाला, “दादा, तू अंदाजाने आकडा सांगतोस म्हणून गिऱ्हाईक घासाघीस करतं. तासाचा रेट लाव, विषयच संपला.” शिकलेला भाऊ, मी ऐकलं. तासाला २०० रुपये ठरवले.

त्याच आठवड्यात एक गृहस्थ वडिलांची बुलेट घेऊन आले. काळी टाकी, रेघा पार गेलेल्या. रेट सांगितला, ते हो म्हणाले. पुढच्या दोन संध्याकाळी मी नुसती तयारी केली. टाकीवर वर्षानुवर्षांचं पॉलिश बसलेलं असतं, ते काढल्याशिवाय रंग धरत नाही, त्याला मासोळीच्या डोळ्यांसारखी गोल भोकं पडतात. ते काढलं, हजार नंबरच्या वॉटर पेपरने घासून टाकी मऊ केली, दोन्ही बाजूंची मापं घेतली आणि पिवळ्या पेन्सिलीने खुणा केल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः आले आणि स्टुलावर बसले.

ती रेघ मला अजून आठवते. ब्रश खारीच्या केसांचा, तलवारीच्या पात्यासारखा. सोनेरी रंगात बुडवून गुळगुळीत कागदावर दोन्ही अंगांनी फिरवला, म्हणजे पोटात रंग भरतो आणि टोक धारदार होतं. करंगळी टाकीच्या कडेवर टेकवली, ब्रश अंगठा आणि तर्जनीत, आणि रेघ माझ्याकडे ओढत आणली. गुडघ्याच्या खोबणीपाशी टाकी आत वळते, तिथे मनगट हलवायचं नसतं. अख्खं अंग मागे न्यायचं आणि ब्रश बोटांत किंचित फिरवायचा, नाहीतर रेघ वळणावर जाड होते. त्या वळणावर मी श्वास धरला आणि सोडला तेव्हा रेघ पलीकडे निघालेली होती, एकसारखी. डावी बाजू बावीस मिनिटं, उजवी एकोणीस. हे मला कसं माहीत? त्यांनी मोबाईलवर वेळ लावली होती.

“एक तास धरू या,” म्हणाले आणि २०० रुपये हातावर ठेवले. माणूस वाईट नव्हता. ठरलं होतं तेच दिलं. तयारीच्या दोन संध्याकाळी त्यांनी पाहिल्याच नव्हत्या, आणि माझ्या तोंडून तेव्हा शब्द फुटला नाही.

भावाला फोन केला. तो म्हणाला, “मग तयारीचेही तास लिही की.” तेही केलं, वर्षभर वहीत तास लिहिले. वहीतूनच कळलं की गोची कुठे आहे. १९९८ ला मला एका टाकीला अख्खा दिवस लागायचा, दहादा पुसून दहादा मारायचो. आता रेघा पाऊण तासात होतात. म्हणजे तासाच्या हिशेबाने मी जेव्हा कच्चा होतो तेव्हा जास्त कमावलं असतं, आणि हात बसला तसा माझा दाम उतरत गेला! भाऊ म्हणतो, मग तासाचा रेट वाढव. तासाला हजार सांगून बघा, गिऱ्हाईक आधी घड्याळाकडे बघतं, मग तुमच्याकडे. टाकीचे अडीच हजार सांगा, ते टाकीकडे बघतं.

मी त्याला उदाहरण दिलं होतं रॉयल एनफील्डचं. चेन्नईच्या तिरुवोत्तियूरच्या त्यांच्या जुन्या कारखान्यात टाकीवरची सोनेरी रेघ हातानेच मारायचे, जयकुमार आणि किशोरकुमार या कारागिरांची नावं त्यासाठी देशभर झाली. भाऊ म्हणाला, “ते पगारावर. पगार म्हणजे वेळेचेच पैसे.” अरे, पण त्यांच्या हातात घासून, रंगवून, धूळ झाडून तयार टाकी येते. माझ्याकडे येते ती गंजलेली, पोचा आलेली, कुणीतरी रेडियम चिकटवून उपटलेली. दर दिवाळीला हा वाद होतो. वही त्याच्यामुळे लागली हे मात्र मी मान्य करतो. वही तुम्हीही ठेवा, स्वतःसाठी. गिऱ्हाईकाला दाखवू नका.

माझा आजचा रेट सांगतो. दोन्ही बाजूंना दुहेरी रेघ, टाकीचे २५००. साईड पॅनेल आणि मडगार्ड धरले तर ४०००. पॉलिश काढणं आणि घासणं यात आलं. गंज, पोचा, जुन्या रेडियमचा गोंद, हे वेगळं, टाकी बघून. निम्मे आधी. गॅरेजवाल्यामार्फत काम आलं तरी रेट तोच, आणि तो गिऱ्हाईकाला काय सांगतो हे एकदा कानावर घ्या. मी चारशेत केलेली रेघ एका गॅरेजने दोन हजाराला लावलेली मी स्वतः बघितली आहे.

शिकण्याचं म्हणाल तर रोज तासभर काचेवर मारलीत तर सहा महिन्यांत सरळ रेघ येईल. दोन रेघांमधलं अंतर सारखं ठेवायला दीड-दोन वर्षं, कारण तिथे डोळा पहिल्या रेघेवर ठेवायचा असतो आणि हात दुसरी मारत असतो. ब्रश स्वस्तातला घेऊ नका. मुंगसाच्या केसांचा कुणी दिला तर अजिबात घेऊ नका, वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. रेघ मारायचं चाकाचं यंत्र मिळतं, सपाट पत्र्यावर चालतं, पण टाकीच्या वळणावर ब्रशच. मे महिन्यात दुपारी काम करू नका, रंग ब्रशवरच घट्ट होतो.

आणि हो, वर लिहिलेला रेट हात बसलेल्या माणसाचा आहे. पहिल्या दहा टाक्या मित्रांच्या करा, सामानाचे पैसे घ्या, आणि बिघडली तर पुसून परत करून द्यायची तयारी ठेवा. ओली रेघ टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसली जाते, खालचा रंग पक्का असेल तर. दुसरं, टाकीच्या झाकणापाशी पेट्रोल सांडतंच आणि ऑइल पेंटची रेघ त्याने मऊ पडते, शिवाय सोनेरी रंगातली पावडर उघडी राहिली तर काळवंडते. म्हणून वरून लॅकर, म्हणजे पारदर्शक थर, लागतं. पण घाई केलीत आणि रेघ आतून ओली असताना लॅकरचा जाड हात दिलात, तर ती सुरकुतून वर येते. माझ्या तीन टाक्या अशा गेल्या. आता मी आठवडाभर थांबतो, पावसाळ्यात जास्त, आणि पहिला हात अगदी पातळ फवारतो. गिऱ्हाईकाला टाकी कधी मिळेल ते हा आठवडा धरूनच सांगा.