अमेरिकेत शटडाउन झालं (बजेट पास न झाल्याने सरकारी कामकाज बंद पडलं) तर एच-१बी वर्क व्हिसाचं काम थांबतं का? मला मुंबईला पासपोर्टवर व्हिसा स्टॅम्पिंगची अपॉइंटमेंट आहे.

तुमची अपॉइंटमेंट बहुतेक होईल. कॉन्सुलेटचं व्हिसाचं काम आपण भरलेल्या फीवर चालतं, युएससीआयएसचंही (अमेरिकेचं इमिग्रेशन खातं) तसंच. पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका, हेच मला माझ्या साडूने सांगितलं होतं आणि मी ऐकलं.

२०२५ ला माझी नोकरी गेली, १९ सप्टेंबर शेवटचा दिवस. नोकरी गेल्यावर तिथे राहायला मिळणारी ६० दिवसांची मुदत म्हणजे १८ नोव्हेंबर. २४ सप्टेंबरला दुसरी ऑफर हातात आली, मी म्हटलं ३० सप्टेंबरला बजेटची मुदत संपते, त्याच्या आत कंपनीला एलसीए (पगार आणि कामाच्या अटींचा लेबर डिपार्टमेंटकडचा अर्ज) टाकून घ्यायला सांगतो, तर साडू म्हणे नवीन नोकरी आहे, कशाला त्यांच्या मागे लागतोस, २०१९ चं ३५ दिवसांचं शटडाउन मी इथेच काढलंय, माझी ट्रान्सफर आरामात झाली. मी गप्प बसलो. १ ऑक्टोबरला लेबर डिपार्टमेंटचं पोर्टलच बंद. एलसीए मंजूर नाही तर पिटिशन (युएससीआयएसकडे कंपनीने करायचा एच-१बीचा अर्ज) नाही, मग युएससीआयएस उघडं असून काय उपयोग? महिनाभर रोज उठल्या उठल्या आधी पोर्टल बघायचो, मुलीच्या शाळेत काय सांगायचं ते बायकोला कळेना, सामान पुण्याला पाठवायचं कोटेशनसुद्धा मागवून झालं. ३१ ऑक्टोबरला पोर्टल सुरू झालं (शटडाउन स्वतः १२ नोव्हेंबरपर्यंत, ४३ दिवस चाललं), त्याच दिवशी एलसीए टाकला, त्याला सात कामाचे दिवस, मधे सुट्टी, आणि १४ नोव्हेंबरला पिटिशन पोचलं. चार दिवस उरले होते.

साडूचं खोटं नव्हतं, पण त्याच्या वेळी लेबर डिपार्टमेंटचं बजेट आधीच पास झालेलं होतं, म्हणून एलसीए चालू राहिले. २०१३ च्या १६ दिवसांत बंदच होते. त्यामुळे कोणाचा अनुभव ऐकायच्या आधी लेबरचं बजेट पास झालंय का ते बघा. हे मी त्याला तीनदा सांगितलं, अजूनही तो म्हणतो तू उगाच घाबरलास. ग्रीन कार्डच्या पर्मचंही (त्याआधी लागणारं लेबर सर्टिफिकेट) तेच, ते पण लेबरकडेच असतं.

हां, शटडाउनमुळे एलसीए अडकून उशीर झाला तर ते कारण धरू असं युएससीआयएसने जाहीर केलं होतं, पण निर्णय त्यांचाच, मी त्या भरवशावर बसलो नसतो.

तुम्ही स्टॅम्पिंगला जाताय म्हणजे पिटिशन अप्रूव्ह झालेलं असणार, तुमचं सहसा अडणार नाही. नोकरी बदलायचं डोक्यात असेल तर मात्र बजेटची मुदत संपायच्या आत एलसीए मंजूर होईल अशा बेताने, म्हणजे निदान सात कामाचे दिवस आधी टाकून घ्या, एचआरला चार फोन जास्त झाले तरी चालतील.